वन्यप्राण्यांची वार्षिक यादी: आधी नोंद, मग आकडा

डिसेंबर संपत आला की वर्षभरात पाहिलेल्या वन्यप्राण्यांच्या याद्या बाहेर निघतात, आणि त्यांत दरवर्षी त्याच त्या चुका सापडतात. ‘हरीण’ अशी एक ओळ असते, पण कोणतं हरीण ते कुठेच नसतं. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या सफारीतला, कुंपणातला वाघ मोजलेला असतो. तारखेच्या रकान्यात ‘मार्चमध्ये कधीतरी’ लिहिलेलं असतं. आणि एखाद्या तरसाच्या बिळाची नेमकी जागा नकाशासकट चारचौघांत वाटलेली असते.

यातली एकही चूक नजर कमी पडली म्हणून झालेली नसते. नियम आधी ठरवले नाहीत आणि नोंद त्याच दिवशी केली नाही, ही दोनच कारणं. त्यामुळे या लेखात जंगलापेक्षा वहीबद्दल जास्त लिहिलं आहे.

पक्ष्यांच्या नोंदींसाठी ईबर्ड या संकेतस्थळासारखी तयार व्यवस्था आहे. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत शिस्त आपली आपण लावावी लागते, म्हणून इथे मुख्य विचार सस्तन प्राण्यांचा आणि महाराष्ट्रापुरता केला आहे. साप, सरडे, बेडूक यांच्या याद्याही याच पद्धतीने करता येतात. फक्त त्या वेगळ्या ठेवा. सगळं एकत्र केलं की एका पावसाळी रात्रीचे बेडूक वर्षभराच्या सस्तन प्राण्यांना झाकून टाकतात.

## टप्पा १: नियम लिहून काढा

वहीचं पहिलं पान नियमांचं. वर्ष सुरू होण्याआधी ते लिहायचं आणि वर्षभर बदलायचं नाही. पुढच्या वर्षी हवं ते बदला.

क्षेत्र. पूर्ण राज्य, एक जिल्हा, की घरापासून दहा किलोमीटर? पहिल्या वर्षी जिल्हा घ्यावा असं माझं मत आहे. राज्याच्या यादीत शेवटी पैसा आणि सुट्ट्याच मोजल्या जातात. ताडोबा, मेळघाट, नागझिरा केलं की आकडा फुगतो, पण गावाबाहेरच्या ओढ्याला रात्री कोण पाणी प्यायला येतं हे माहीत नसतं.

काळ. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. रात्री बारानंतर दिसलेल्या प्राण्याला पुढच्या दिवसाची तारीख द्यायची. रात्रीच्या फेरीत इथेच घोळ होतो, कारण आपल्या डोक्यात अजून ‘कालची रात्र’च चालू असते.

मोकळा की बंदिस्त. प्राणी कुंपणात, पिंजऱ्यात किंवा माणसाच्या ताब्यात असेल तर तो यादीत नाही. गडचिरोलीत कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती मोजायचे नाहीत. त्याच जिल्ह्यात छत्तीसगडकडून आलेला रानटी कळप दिसला तर तो मोजायचा. सिंधुदुर्गात तिलारी खोऱ्यात फिरणारे हत्तीही मोजायचे. संजय गांधी उद्यानात सफारीतला वाघ नाही, पण कान्हेरीच्या रस्त्यावर आडवा गेलेला बिबट्या नक्की. प्राणिसंग्रहालयाच्या आवारात मोकळं फिरणारं मुंगूसही चालेल, ते तिथे कोणी आणून ठेवलेलं नसतं.

पाळीव आणि भटके. गाई, भटकी कुत्री, मांजरं बाद. घरातला उंदीर आणि चिचुंद्री यांचं काय ते आधीच ठरवा. मी त्यांना धरतो. चिचुंद्री माणसाच्या घरात राहते म्हणून पाळीव होत नाही.

कशाला दिसणं म्हणायचं. सगळ्यात जास्त वाद इथे होतात. चार प्रकार ठेवा: पाहिला, ऐकला, खुणा मिळाल्या, मेलेला आढळला. वर्षाच्या आकड्यात फक्त ‘पाहिला’ धरा. बाकी तिन्ही नोंदी वहीत राहतील, पण आकड्यात येणार नाहीत. भेकराचं, म्हणजे त्या छोट्या हरणाचं, भुंकणं ओळखता येतं हे खरं, पण ‘ऐकला’ची सूट एकदा घेतली की वर्षाअखेर रानातला प्रत्येक आवाज कोणाचा तरी होतो. रस्त्यावर गाडीखाली आलेलं उदमांजर मोजायचं नाही, पण तारीख आणि ठिकाण जरूर लिहायचं. कोणत्या वळणावर प्राणी मरतात हे कळायला अशाच नोंदी लागतात.

तपासणी: नियमांचं पान घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, ‘शेतातल्या कॅमेऱ्यात रात्री रानमांजर आलं, तर ते यादीत येईल का?’ पानावरून उत्तर मिळालं नाही, तर नियम अपुरे आहेत.

## टप्पा २: जातींची मूळ यादी निवडा

तुमच्या जिल्ह्यात कोणते सस्तन प्राणी आढळू शकतात याची एक यादी वर्ष सुरू होण्याआधी तयार हवी. वनविभागाचे व्यवस्थापन आराखडे, भारतीय सस्तन प्राण्यांची क्षेत्रपुस्तिका आणि आयनॅचरलिस्ट या लोकांनी निसर्गनोंदी टाकायच्या संकेतस्थळावरची जिल्ह्याची पानं यांवरून ती दोन संध्याकाळींत होते. प्रत्येक जातीपुढे मराठी नाव आणि शास्त्रीय नाव, दोन्ही लिहा. शास्त्रीय नाव मिरवायला लिहायचं नाही. एकाच प्राण्याला विदर्भात एक नाव, कोकणात दुसरं आणि कोल्हापुराकडे तिसरं असतं. वर्षाअखेर तीन नावांच्या तीन जाती होऊन बसतात.

शास्त्रीय नावंही बदलतात. मुंगसांच्या शास्त्रीय नावातला वर्षानुवर्षं वापरलेला पहिला शब्द, हर्पेस्टेस, आता आपल्याकडच्या मुंगसांसाठी उर्वा झाला आहे. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला एक संदर्भ पकडायचा आणि डिसेंबरपर्यंत त्यालाच चिकटून राहायचं. मधेच एखाद्या जातीच्या दोन जाती झाल्याची बातमी आली, तर समासात टीप लिहा आणि हिशोब पुढच्या वर्षी करा.

इशारा: या यादीवर खुणा करत जायचं नाही. ती फक्त संदर्भासाठी. खूण करायला लागलात की नोंदवही मागे पडते, आणि पहिल्या खुणेनंतर तो प्राणी पुन्हा कधी दिसला ते लिहायचं राहून जातं.

## टप्पा ३: नोंदवही आखा

नोंदवही आणि यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या लेखातून घ्यायचं. नोंदवहीत प्रत्येक दर्शन येतं, दहाव्यांदा दिसलेलं वानरसुद्धा. यादी त्या वहीतून काढली जाते. बहुतेक जण उलट करतात: थेट यादीत नाव लिहितात, आणि मग त्या नावामागे काही उरत नाही.

रकाने असे:

१. तारीख आणि वेळ (चोवीस तासांच्या घड्याळाने)
२. ठिकाण: गाव, तालुका, आणि जवळची न हलणारी खूण
३. अक्षांश-रेखांश, मोबाइलवरून
४. अधिवास: गवताळ माळ, ऊसशेत, पानझडी जंगल, सडा (कातळाचं पठार), खाडी
५. जात, किंवा जितकं नक्की सांगता येईल तितकंच
६. संख्या; नर, मादी, पिल्लं कळली तर
७. पाहिला / ऐकला / खुणा / मेलेला
८. खात्री: क, ख किंवा ग
९. पुरावा: फोटोचा क्रमांक, सोबत कोण होतं
१०. वर्णन, दोन ओळी

ठिकाणाच्या रकान्यात ‘ताडोबा’ किंवा ‘सह्याद्री’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. नमुना नोंद अशी: ‘०६.५०, कर्जत तालुका, रेहेकुरी अभयारण्याबाहेर डांबरी रस्त्यालगत, काळवीट, १ नर, ४ माद्या, पाहिला, क, फोटो आहे. नर काळा पडलेला, शिंगांना तीन पीळ. आम्हाला पाहून पळाले नाहीत.’

खात्रीच्या पायऱ्या तीनच ठेवा. क म्हणजे ओळख पटवणारी खूण स्वतः पाहिली आणि ती फोटोतही आहे. ख म्हणजे खूण पाहिली, फोटो नाही, पण सोबतच्या जाणकारालाही तीच दिसली. ग म्हणजे ‘बहुतेक’. ‘ग’ नोंद यादीत जात नाही, कितीही मोह झाला तरी. दुर्मीळ प्राण्यांच्या बाबतीत हा नियम आणखी कडक हवा. वाघाटी (छोटं ठिपकेदार रानटी मांजर), खवल्या मांजर, पाणमांजर यांच्यासाठी ‘क’शिवाय यादीत जागा नाही.

कागदी वही आणि संगणकावरचा तक्ता, दोन्ही ठेवा. बाहेर कागद, घरी तक्ता. मोबाइलमध्ये थेट टिपण्याच्या मी विरोधात नाही, पण ऐन उन्हात पडदा दिसत नाही आणि संध्याकाळी बॅटरी संपते.

## टप्पा ४: साहित्य

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते. खिशात मावणारी वही आणि पेन्सिल, कारण पावसात पेनाची शाई पसरते. ठशांशेजारी ठेवायला सहा इंची पट्टी. रात्रीसाठी विजेरी आणि घोट्याच्या वर येणारे बूट. फुरसं आणि घोणस आपल्याकडे माळावर आणि बांधावर सर्रास असतात, त्यामुळे चपला घालून रात्री फिरू नका.

कॅमेऱ्याचं घड्याळ आजच मोबाइलशी जुळवा. ते काही मिनिटांनी चुकलं तर फारसं बिघडत नाही, पण बॅटरी काढल्यावर अनेक कॅमेऱ्यांचं वर्षच बदलतं. वार्षिक यादीत वर्ष चुकलं तर मग काय राहिलं?

## टप्पा ५: वर्ष कसं वाटून घ्यायचं

आराखडा नसला की सगळ्या फेऱ्या हिवाळ्यातल्या सुट्ट्यांत होतात आणि निम्मे प्राणी सुटतात.

जानेवारी-फेब्रुवारी माळरानांचे. रेहेकुरीला काळवीट, बारामती तालुक्यात सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा, सोलापूरच्या नान्नज परिसरात काळविटांबरोबर लांडगा आणि खोकड (कोल्ह्याहून लहान, झुपकेदार शेपटीचा प्राणी) यांची आशा. उजाडताना पोचायचं, ऊन चढलं की माळ रिकामा वाटतो. याच दिवसांत समुद्र शांत असतो, त्यामुळे मालवण-तारकर्ली किंवा दापोलीच्या किनाऱ्यावर डॉल्फिनसाठी हेच महिने. आपल्याकडे किनाऱ्याजवळ दिसतो तो मुख्यतः हंपबॅक डॉल्फिन. पाठीवर परच नसलेला, गुळगुळीत पाठीचा छोटा प्राणी क्षणभर वर आला, तर तो पॉरपॉइज असू शकतो. नावाड्याला इंजिन मंद ठेवायला सांगा. पाठलाग केला की डॉल्फिन बुडी मारतात, आणि तुमच्या नोंदीत पाण्यावरची एक रेघ तेवढी उरते.

मार्च ते मे पाणवठ्यांचे. विदर्भातल्या पानझडी जंगलात पानं गळलेली असतात आणि प्राणी पाण्याला येतात. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग अनेक जंगलांत मचाणावरून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद करतो आणि त्यात नागरिकांनाही घेतो. जागा लवकर भरतात. भीमाशंकरला शेकरू याच काळात बघून घ्या, पावसाळ्यात तिथे धुक्यात समोरचं झाड दिसत नाही. फांद्यांच्या बेचक्यातली काड्यापानांची गोल घरटी आधी शोधा, मग तिथेच थांबा. नुसतं घरटं दिसलं तर ती ‘खुणा’ची नोंद.

जून ते सप्टेंबर मोठ्या प्राण्यांसाठी वाईट. व्याघ्र प्रकल्पांचे गाभ्यातले रस्ते पावसाळ्यात बंद असतात, गवत वाढलेलं असतं. हा काळ वटवाघळांना, घराजवळच्या फेऱ्यांना आणि बेडकांच्या वेगळ्या यादीसाठी आंबोलीला द्या.

ऑक्टोबर ते डिसेंबर गवत उंच, पण ओढ्याकाठचा चिखल वाळत आलेला असतो. ठसे वाचायला याहून चांगले दिवस नाहीत. ठशांवरून जागा ठरते, आणि मग त्या जागी पहाटे बसायचं.

शहरात राहणाऱ्यांनी हिरमुसू नये. मुंबई आणि नवी मुंबईच्या खारफुटीत कोल्हे आहेत. पुण्याच्या टेकड्यांवर मुंगूस दिसतं, जुन्या वाड्यांच्या कौलांवर रात्री उदमांजर फिरतं.

इशारा: अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. सूर्यास्तानंतर विजेरी मारत फिरणं, वनजमिनीवर स्वतःचा कॅमेरा बांधून ठेवणं, ड्रोन उडवणं यांनाही ‘फक्त यादीसाठी’ ही सबब चालत नाही.

## टप्पा ६: जागेवर काय, कोणत्या क्रमाने

प्राणी दिसला की हात कॅमेऱ्याकडे जातो. तिथेच ओळख हुकते. क्रम असा ठेवा:

पहिले काही क्षण नुसतं पाहा. शेपटी, कान, पाय, चाल, या क्रमाने. रंग सगळ्यात शेवटी, कारण पहाटेच्या उन्हात सगळेच तांबूस दिसतात.

मग मोजा. कळप असेल तर डावीकडून उजवीकडे एकदा आणि उलट एकदा. दोन आकडे वेगळे आले तर लहान आकडा लिहा आणि पुढे ‘किमान’.

मग फोटो. प्राणी लहान आला तरी चालेल. आजूबाजूचा परिसर दिसू द्या. एक फोटो शेपटीसह बाजूने मिळाला तर ओळख पटायला तोच उपयोगी पडतो.

मग लिहा, पुस्तक उघडण्याआधी. आधी पुस्तक उघडलं की चित्रातलं वर्णन आपल्या आठवणीत शिरतं, आणि न पाहिलेली पांढरी शेपटी पाहिल्यासारखी वाटू लागते.

शेवटी ओळख. सोबत दोघे-तिघे असतील तर प्रत्येकाने आपापलं वर्णन आधी लिहावं, मग बोलावं. गटातल्या अनुभवी माणसाने ‘अरे, तरस!’ म्हटलं की बाकीच्यांना तरसच दिसतं.

गावातल्या माणसाकडून माहिती घेताना नाव विचारू नका, रूप विचारा: केवढा होता, शेपटी कशी, एकटा होता की जोडीने, कोंबडी नेली की करडू. ‘काका, वाघ होता का?’ असं विचारलं की वाघच निघतो.

इशारा: ऊसपट्ट्यात तोडणीच्या वेळी फडात लहान पिल्लं सापडतात. ती बिबट्याची असतील किंवा वाघाटीची. दोन्ही वेळी हात लावायचा नाही, फोटोसाठी उचलायचं तर मुळीच नाही. आई जवळपास असते. माणसं मागे घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

## टप्पा ७: जिथे ओळख हमखास चुकते

कोल्हा, खोकड, लांडगा. लांडग्याचे पाय लांब, छाती खोल, चाल सरळ रेषेतली. कोल्हा मध्यम, शेपटी तुलनेने आखूड. खोकड मांजरापेक्षा थोडं मोठं, कान मोठे, शेपटी झुपकेदार आणि अंगाच्या मानाने बरीच लांब. कोल्हा आणि खोकड दोघांच्याही शेपटीचं टोक काळं असतं, त्यामुळे तेवढ्यावरून निवाडा करू नका. लांडगा लिहिण्याआधी तो गावातला कुत्रा नव्हता ना, हेही बघा. धनगरवाड्याजवळ संध्याकाळच्या उजेडात हा प्रश्न खरोखर अवघड असतो, आणि तिथे ‘ग’ लिहिण्यात काही कमीपणा नाही.

भेकर आणि चौसिंगा. नर असतील तर शिंगांवरून सुटतात. माद्यांना शिंगं नसतात, म्हणून गोंधळ. भेकराच्या चेहऱ्यावर कपाळाकडून खाली येणाऱ्या गडद उभ्या रेघा असतात आणि अंग तांबूस चकचकीत. चौसिंग्याच्या पुढच्या पायांवर समोरून गडद पट्टा उतरतो. चेहरा किंवा पुढचे पाय यांपैकी एक दिसलं नसेल, तर जात लिहू नका.

मुंगूस. गावाजवळ दिसतं ते बहुधा करडं मुंगूस. जंगलात शेपटीचं टोक काळं आणि ती वर वळवून चालणारं दिसलं, तर ते तांबूस मुंगूस. दक्षिण सह्याद्रीत मानेवर काळा पट्टा असलेलं तिसरंही आहे. नुसतं ‘मुंगूस’ लिहिल्याने महाराष्ट्रातली सर्वांत सोपी दुसरी जात हातची जाते.

खार. पाठीवरचे पट्टे मोजा. तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची खार या वेगळ्या जाती, आणि आपल्या राज्यात दोन्ही आहेत. पाच पट्ट्यांतले बाहेरचे दोन फिकट असतात, म्हणून वरून नाही तर बाजूने बघा. सह्याद्रीच्या दाट जंगलात आणखी एक गडद रंगाची तीनपट्टी खार असते. तिथे घाई करू नका.

माकड. वानर आणि माकड यांत कोणी चुकत नाही. माकडांतल्या दोन जातींत चुकतात. डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस आणि लांब शेपटी, तर बॉनेट. केस साधे, कंबरेकडचा भाग नारिंगी झाक असलेला आणि शेपटी आखूड, तर ऱ्हीसस. महाराष्ट्रात दोघांच्या हद्दी भिडतात आणि पकडून दुसरीकडे सोडलेल्या टोळ्याही असतात, म्हणून ठिकाणावरून अंदाज बांधू नका.

रानमांजर. पाय लांब, अंगावर ठळक ठिपके किंवा पट्टे नाहीत, कानाच्या टोकाला बारीक काळे केस, आणि आखूड शेपटीच्या शेवटी काळी वलयं. लांब शेपटीचं करडं मांजर बांधावर बसलेलं असेल तर ते बहुधा शेजारच्या वस्तीतलं.

उदमांजर आणि जवादी मांजर. शेपटी पूर्ण गडद, तर उदमांजर. शेपटीवर वलयं आणि अंगावर ओळीने ठिपके, तर जवादी.

वटवाघळं. झाडांवर लटकणारी मोठी फळखाऊ ओळखता येतात. संध्याकाळी दिव्याभोवती घिरट्या घालणारी छोटी जातीपर्यंत ओळखणं उघड्या डोळ्यांनी शक्य नाही. ‘छोटं वटवाघूळ, जात अनिश्चित’ लिहा आणि पुढे चला.

ठसे. मार्जारकुळाच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्रा, लांडगा आणि तरस यांच्या ठशात उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. फोटो अगदी वरून, पट्टी शेजारी ठेवून घ्या, आणि एका ठशावर समाधान मानू नका. चालीचे तीन-चार ठसे सलग टिपा.

अनिश्चित नोंदी मोजायच्या कशा? नियम सोपा आहे. मार्चमध्ये ‘मुंगूस, जात अनिश्चित’ असेल (म्हणजे मुंगूस नक्की, कोणतं ते नाही) आणि दुसरं कोणतंच मुंगूस यादीत नसेल, तर ती एक जात म्हणून तात्पुरती मोजा. मे महिन्यात करड्या मुंगसाची ‘क’ नोंद झाली की ती अनिश्चित नोंद आकड्यातून काढा. वहीतून खोडायची नाही.

## टप्पा ८: त्याच संध्याकाळी

जेवणाआधी वीस मिनिटं काढा. दुसऱ्या दिवसावर ढकललं की संख्या गोल होतात आणि वेळा ‘सकाळी’ होतात.

कागदावरच्या नोंदी तक्त्यात उतरवा. फोटोला तारीख, ठिकाण, जात या क्रमाने नाव द्या. मूळ फोटो संगणकात ठेवा; व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत वेळ आणि जागेची माहिती उरत नाही, आणि पुष्कळांकडे वर्षाअखेर तेवढ्याच प्रती असतात.

आयनॅचरलिस्टवर टाकत असाल तर तिथे आपोआप सुचवलेलं पहिलं नाव स्वीकारू नका. कधी कधी महाराष्ट्रात नसलेली जातही वर येते. आधी स्वतःच्या वर्णनाशी ताडून बघा, पटलं नाही तर ‘सस्तन प्राणी’ किंवा कुळापर्यंतच ठेवा. बाकीचे मदत करतात. प्राणी बंदिस्त असेल तर तशी खूण करायला विसरू नका.

इशारा: खवल्या मांजर, पाणमांजर, तरसाचं किंवा लांडग्याचं बिळ, बिबट्याची पिल्लं यांची नेमकी जागा कुठेही उघड करू नका. धोक्यातल्या जातींची जागा आयनॅचरलिस्ट स्वतःहून अंधुक करतं, पण सगळ्याच जातींची नाही. बिळासाठी ती सोय आपण हाताने निवडायची असते. फोटोत मागे दिसणारा मैलाचा दगड, देवळाचा कळस किंवा पाणवठ्यावरचा क्रमांकही जागा सांगून टाकतो. वहीत जागा पूर्ण लिहा, बाहेर फक्त तालुका सांगा.

## टप्पा ९: महिन्याची झडती

प्रत्येक महिन्याच्या शेवटी तक्त्यातून यादी नव्याने काढा. जुन्या यादीत भर घालू नका, दर वेळी नोंदींपासूनच सुरुवात करा. आधीच्या यादीतलं एखादं नाव नव्या यादीत आलं नाही, तर त्याच्यामागे नोंद नव्हती. ते नाव गेलं.

मग तीन प्रश्न. ‘क’ दिलेल्या प्रत्येक नोंदीत ओळखीची खूण लिहिली आहे का? एकाच दिवशी, एकाच ठिकाणी दोनदा लिहिलेला तोच प्राणी आहे का? ज्या फेरीत काहीच दिसलं नाही ती फेरी लिहिली आहे का? शेवटचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात. पण त्याच ओढ्यावर चार फेऱ्या रिकाम्या गेल्याचं वहीत नसेल, तर पाचव्या फेरीत दिसलेलं साळिंदर तिथे रोज येतं असा समज होतो.

## टप्पा १०: डिसेंबरअखेर

२० डिसेंबरनंतर नवीन प्राण्यांच्या मागे धावण्याचा मोह होतो, आणि ‘ग’ नोंदी हळूच ‘ख’ होतात. म्हणून खात्रीची पायरी बदलायची असेल तर नवा पुरावा लागेल, असा नियम पहिल्या पानावरच लिहून ठेवा. जुना फोटो जाणकाराने पाहून ओळखला, तर तो पुरावा धरता येतो. ‘आता विचार केल्यावर वाटतं’ हा पुरावा होत नाही.

अंतिम यादीत प्रत्येक जातीपुढे चार गोष्टी असाव्यात: पहिली तारीख, शेवटची तारीख, एकूण किती वेळा दिसली, आणि सर्वांत भक्कम नोंदीचा क्रमांक. ऐकलेले, खुणांवरून कळलेले आणि मेलेले यांची वेगळी पुरवणी जोडा. तक्त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी साठवा आणि कागदी वहीच्या पानांचे फोटो काढून त्याच्याबरोबर ठेवा. मग नव्या वहीच्या पहिल्या पानावर नियम पुन्हा हाताने लिहा. या वर्षी कुठल्या नियमावर अडलात, तो आधी.